पीळ राहिला: जपानच्या प्राचीन कुंभारांच्या शिकण्याचा माग (प्रकल्प नोंदी)

११ जानेवारी २०२५

गावच्या शाळेत जूनमध्ये लावायच्या फलकांचं काम आजपासून सुरू. विषय: प्राचीन जपानमधले कुंभार आपली कला कशी शिकले आणि पुढच्या पिढीच्या हाती कशी दिली. मी ओसाकात राहते, सुट्टीच्या दिवशी मातीकाम करते आणि माझं आजोळ सातारा जिल्ह्यातल्या एका कुंभारवाड्यात आहे. त्या शाळेतली निम्मी मुलं घरी आवा पेटलेला बघतात. 'जपानी कला किती सुंदर' एवढं सांगून त्यांचं समाधान होणार नाही. माती कुठून आणली, वळी कशी लावली, भाजताना किती फुटली, हे ती विचारणारच.

काळाची चौकट मोठी आहे. आओमोरी प्रांतातल्या ओदाई यामामोतो इथली खापरं सुमारे १६,५०० वर्षांपूर्वीची, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या भांड्यांपैकी. तेव्हा तिथे शेती नव्हती, चाक नव्हतं, लिपी नव्हती. तिथून निघून जोमोन, यायोई, कोफुन आणि नारा हे काळ ओलांडत इसवी सनाच्या नवव्या शतकाशी थांबायचं ठरवलं.

अडचण पहिल्याच दिवशी समोर आली. यातल्या एकाही कुंभाराने 'मी असं शिकलो' म्हणून चार ओळीही लिहून ठेवलेल्या नाहीत. म्हणजे जे काही कळेल ते खापरांकडूनच.

१८ जानेवारी

दिवसभर वाचन. १८७७ साली एडवर्ड मोर्स हा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ योकोहामाहून टोकियोला आगगाडीने चालला होता. ओमोरीजवळ रुळांलगत खणलेल्या उतारात त्याला शिंपल्यांचा ढिगारा दिसला. त्याच वर्षी त्याने तिथे उत्खनन केलं. निघालेल्या खापरांवर दोरीचे ठसे होते, म्हणून त्याने त्यांना तसंच नाव दिलं. त्याचंच जपानी रूप जोमोन: 'जो' म्हणजे दोरी, 'मोन' म्हणजे नक्षी. दहा हजारांहून अधिक वर्षांच्या एका युगाला दोरीच्या ठशाचं नाव मिळालं.

पण तो ठसा उमटवत कसे, याचा उलगडा व्हायला पुढची पन्नासेक वर्षं गेली. विणलेलं कापड किंवा चटई मातीवर दाबली असेल असं अनेकांना वाटे. यामानोउची सुगाओ या पुरातत्त्वज्ञाने १९३०च्या सुमारास स्वतः दोऱ्या वळल्या, मातीवर फिरवून पाहिल्या आणि कोडं सोडवलं. दोरी दाबायची नसते, लाटायची असते. पोळपाटावर लाटणं फिरतं तशी वीतभर दोरी ओल्या भांड्याच्या अंगावरून तळव्याखाली फिरवायची. एका पदराची, दोन पदरांची, मध्ये गाठ मारलेली, काठीवर गुंडाळलेली, प्रत्येक दोरीचा माग वेगळा.

खापर पुढ्यात घेऊन नुसता विचार करत बसण्यापेक्षा त्याने दोरी वळायला घेतली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या प्रकल्पातही जे हाताने करून बघता येईल ते बघायचंच.

२५ जानेवारी

पहिला प्रयोग. तागाचे धागे, हाताएवढ्या मातीच्या चार पाट्या.

दोरी मांडीवर वळतात हे आजीकडे पाहिलेलं होतं. तरी हात बसेना, म्हणून एक चित्रफीत लावून समोर बसले. त्यातली बाई धागा मांडीवर लोटत होती, मी तिच्यासारखंच करत होते. दोरी झाली, मातीवर लाटली, तिरक्या दाण्यांची सुरेख रांग उमटली. पण नमुन्याच्या चित्राशी ताडून बघितली तर रांग उलट दिशेला झुकलेली. पीळच उलटा पडला होता. समोर बसून बघितल्यामुळे तिच्या हाताची चाल मी आरशातल्यासारखी उचलली होती.

दुसऱ्यांदा मी खुर्ची फिरवली आणि पडद्याच्या शेजारी, तिच्याच बाजूला तोंड करून बसले. या वेळी पीळ बरोबर पडला.

यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. टोकियोभोवतालच्या कांतो भागात जोमोनच्या एका टप्प्यात, साधारण ६,००० ते ७,००० वर्षांपूर्वी, पिसासारखी नक्षी करत. एक पट्टा उजवीकडे झुकलेला, त्याखालचा डावीकडे. त्यासाठी उलटसुलट पिळाच्या दोन दोऱ्या लागतात. तयार भांडं बघून एखाद्याला ती नक्षी काडीने कोरता येईल, लांबून ती तशीच दिसेलही. पण दोन दोऱ्या उलट पिळाच्या आहेत आणि त्या लाटायच्या आहेत, हे नुसतं भांडं बघून सुचणं कठीण. कुणाच्या तरी शेजारी बसावंच लागतं, समोर नाही, शेजारी.

दोऱ्या तर केव्हाच कुजून माती झाल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. इथे ते अक्षरशः खरं आहे. दोरी हजारो वर्षांपूर्वी गेली आणि तिचा पीळ कुठल्या हाताने, कुठल्या दिशेने दिला हे आज बोटाने चाचपता येतं. पहिल्या फलकावर हेच घ्यायचं, आणि फलकाखाली पाट्या ठेवायच्या, मुलांना हात लावायला.

२ फेब्रुवारी

वळ्यांचं भांडं. जोमोनमध्ये चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवायच्या, आतून-बाहेरून सांधे पुसायचे, थोडं सुकू द्यायचं, मग पुढच्या वळ्या. घाई केली की खालचं अंग बसतं. आज एका भांड्याचं बसलं.

भांडं सतत फिरवत राहावं लागतं, आणि चाक नसताना फिरवायचं कसं? उत्तर खापरांच्या तळाशी आहे. बऱ्याच जोमोन भांड्यांच्या बुडाला विणलेल्या चटईचा किंवा मोठ्या पानाचा ठसा सापडतो. भांडं चटईच्या तुकड्यावर ठेवून घडवायचे, तुकडा ओढला की भांडं वळतं. मी बांबूच्या चटईचा तुकडा घेतला. दहा मिनिटांत हाताला सवय झाली.

संध्याकाळी मामांना फोन केला. वळ्यांचं सांगितल्यावर म्हणाले, "आगं मग ही तर तुझ्या आजीची चूल झाली की."

खरंच की. आमच्या घरात मुलींनी आणि सुनांनी चाकाला हात लावायचा नाही असा दंडक होता. माती मळणं, गाळणं, थापटणं, गेरूने रंगवणं ही सगळी कामं बायकांची, चाक तेवढं पुरुषांचं. पण चुली आणि शेगड्या आजीच करायची, मातीच्या वळ्या लावून, चाकाशिवाय. मी तिच्याजवळ बसून तिला माती देत असे. सांधा अंगठ्याने खालून वर पुसायचा, हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. आज हात तसाच चालला.

मामांना विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकिवलं कुनी न्हाई. बसून बसून आलं. चुकलं की आबा हातावर चापट द्यायचं, तेवढंच."

९ फेब्रुवारी

माती कुठून आणत, याची नोंद. टोकियोच्या पश्चिमेला तामा न्यू टाऊन वसवताना उत्खननं झाली. तिथल्या २४८ क्रमांकाच्या स्थळी मध्य जोमोन काळातली, म्हणजे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची, मातीची मोठी खाण निघाली, खड्ड्याला खड्डा लागून. जवळच २४५ क्रमांकाची वस्ती. वस्तीत सापडलेला तुकडा आणि खाणीत सापडलेला तुकडा एकाच वस्तूचे निघाले, कड कडेला जुळली. खाणीत जाताना कुणी भांडं सोबत नेलं होतं आणि ते तिथे फुटलं.

ही एवढी गोष्ट माझ्यासाठी कुठल्याही आकडेवारीपेक्षा मोठी आहे. माती ओळखणं हा शिक्षणाचा पहिला धडा आणि तो खाणीवर जाऊनच मिळतो. आमच्याकडे तळ्यातली माती जिभेवर ठेवून बघत. मामांना वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी गाढवांबरोबर तळ्यावर धाडलं होतं.

मातीत काय कालवायचं हाही तिथलाच धडा. पिसासारख्या नक्षीच्या त्याच टप्प्यात कांतोमध्ये मातीत वनस्पतीचे तंतू मिसळत. भाजताना तंतू जळतात आणि खापराच्या आत काळपट, पोकळ रेघा राहतात. आपल्याकडे लीद आणि राख घालतात, त्यातही हाच विचार आहे: माती वाळताना तडकू नये. मुलांना हे लगेच कळेल.

मुलांचा विचार करताना आणखी एक जागा आठवली. होक्काइदोतल्या काकिनोशिमा इथे मातीच्या चपट्या वड्या निघाल्या आहेत, लहान मुलांच्या पावलांचे ठसे उमटवलेल्या, भाजलेल्या, भोक पाडलेल्या. त्या थडग्यांत ठेवलेल्या होत्या. २०२१ साली युनेस्कोने उत्तर जपानमधली १७ जोमोन स्थळं जागतिक वारशात घेतली, त्यांत हेही आहे. शिकण्याच्या विषयाशी त्याचा थेट संबंध नाही, तरी मी ते फलकावर घेणार आहे. त्या वस्तीत लहान पोराचा पाय ओल्या मातीपर्यंत पोचत होता, आणि कुणाला तरी तो ठसा हवा होता.

जोमोनच्या जागांवर बोटभर उंचीची चिमुकली भांडीही खूप सापडतात. पोरांचा सराव, खेळणी की पूजेतली वस्तू, याबद्दल अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. फलकावर तिन्ही शक्यता लिहायच्या.

२२ फेब्रुवारी

चारपैकी एका भांड्याला वाळताना तडा गेला, बरोबर दोन वळ्यांच्या सांध्यावर. जोमोन भांडीही सांध्यावरच फुटतात. कधी कधी सांधा इतका स्वच्छ सुटतो की पाहणाऱ्याला ती भांड्याची मूळची कडच वाटते. माझा सांधा मी एकाच बाजूने पुसला होता. उरलेल्या तिन्हींना आतून गुळगुळीत गोट्याने घोटून काढलं. घोटलं की पाझर कमी होतो.

८ मार्च

भाजणी. मी जिथे शिकते त्या कार्यशाळेच्या सेन्सेईंची, म्हणजे गुरुजींची, डोंगराकडे थोडी जमीन आहे, तिथे परवानगी काढून उघड्यावर आवा लावला. जोमोन भांडी उघड्यावरच भाजली जात, साधारण ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान. भट्टी नाही, भिंत नाही.

सकाळी नऊला छोटी आग केली आणि भांडी भोवती लांब मांडली. दर वीस मिनिटांनी फिरवायची आणि थोडी जवळ सरकवायची. साडेअकराला निखारे पसरून भांडी मध्ये घेतली, वर लाकूड रचलं. आधी सगळं काळं पडलं, मग काजळी जळून गेली आणि भांडी लालसर दिसू लागली. सेन्सेई थर्मामीटर घेऊन आले होते, पण त्याकडे त्यांनी फारसं बघितलं नाही. काजळी कुठून सुटते आहे तिकडेच त्यांचं लक्ष होतं. एकदा मला खांद्याला धरून अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं. तिथून ज्वाळेच्या आतलं भांडं दिसत होतं.

तीनपैकी एक फुटलं, मोठा आवाज करून. दुसरं भाजलं, पण एका अंगाला काळा डाग. तिसरं उत्तम. बोटाने टिचकी मारली तर खणखणीत.

हे खापरातून कळणारं ज्ञान नाही. काजळी सुटण्याचा क्षण कुठल्याच खापरावर उमटत नाही. त्या वेळी तिथे उभं असावं लागतं.

१६ मार्च

मोठी उडी: पाचवं शतक. जोमोननंतर यायोई आणि मग कोफुन, म्हणजे प्रचंड थडग्यांचा काळ. कोरियन द्वीपकल्पातून कुंभार आले आणि त्यांच्याबरोबर चाक आणि डोंगरउतारात खणलेली बोगद्यासारखी भट्टी आली. तिला आनागामा म्हणतात. ताप १,००० अंशांच्या वर. शेवटी भट्टीचं तोंड बंद करून हवा तोडायची, मग भांडं राखाडी आणि दगडासारखं कठीण निघतं. ही भांडी म्हणजे सुएकी. त्याच वेळी जुन्या पद्धतीची, उघड्यावर भाजलेली लालसर हाजिकीही चालूच होती.

ओसाकाच्या दक्षिणेला सेनबोकूच्या टेकड्यांत सुएमुरा या भट्ट्यांचे शेकड्यांनी अवशेष आहेत. आज तिथे इमारती आणि रेल्वे आहे. नवं उपनगर वसवताना १९६०च्या दशकापासून उत्खननं झाली. प्रत्येक भट्टीला जागेच्या नावाची दोन अक्षरं आणि क्रमांक दिला, जसं टीके ७३. पुढे तानाबे शोझो यांनी या क्रमांकांवरूनच सुएकीचा कालक्रम बांधला, आणि आज जपानभर कुठेही सुएकीचं खापर निघालं की ते या भट्ट्यांशी ताडून बघतात.

आठव्या शतकात, ७२० साली पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या राजवृत्तात पाचव्या शतकातल्या सम्राट युर्याकूच्या सातव्या वर्षी कोरियातल्या पेक्चे राज्यातून आलेल्या कारागिरांत कुंभारांचा उल्लेख आहे. खापरं मात्र सांगतात की सुएकी त्याच्या आधीपासूनच होत होती, आणि सुरुवातीचा घाट पेक्चेपेक्षा द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या काया भागाशी जास्त जुळतो. इथे मी खापरांच्या बाजूने आहे. राजाचा इतिहास राजासाठी लिहिला जातो.

कुंभारांना वंशपरंपरागत गटांत बांधलेलं होतं, त्यांना 'बे' म्हणत. हाजिकी आणि थडग्यांवरच्या मातीच्या मूर्ती करणारे हाजिबे, सुएकी करणारे सुएत्सुकुरीबे. कला घरातल्या घरात, दरबाराच्या हिशेबात. पण आलेल्या कुंभारांच्या शेजारी इथलेही हात कामाला लागलेच असणार. सुरुवातीच्या सुएकीत काही भांडी अशी आहेत की घाट नवा आणि हात जुना. मला ती सर्वांत जास्त आवडली. शिकाऊ माणसाची भांडी आहेत ती.

२९ मार्च

ताकात्सुकीला गेले. तिथे शिनइके नावाच्या ठिकाणी हानिवा, म्हणजे थडग्यांभोवती मांडायच्या मातीच्या नळ्या, घरं, घोडे, माणसं, घडवण्याचा पाचव्या शतकातला कारखाना निघाला आहे. १८ भट्ट्या, ३ मोठ्या कार्यशाळा आणि कारागिरांची घरं. आता तिथे उद्यान आहे, भट्ट्या पुन्हा बांधून दाखवल्या आहेत. पाचव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ शंभर वर्षं इथे काम चाललं. जवळच्या ओता चाउसुयामा थडग्याचे हानिवा इथले, आणि पुढे सहाव्या शतकात इमाशिरोझुकाचेही. इमाशिरोझुका सम्राट केइताईचं खरं थडगं मानलं जातं. तिथलं मातीचं एक घर १७० सेंटिमीटर उंच आहे, माझ्यापेक्षा उंच.

शंभर वर्षं म्हणजे चार पिढ्या. भट्टीच्या उतारावर उभं राहून मी मोजलं: पहिल्या भट्टीत माती वाहणाऱ्या मुलाच्या नातवाच्या मुलाने शेवटची भट्टी लावली असेल.

हानिवाच्या अंगावर बारीक समांतर रेघा असतात. लाकडी पट्टीच्या कडेने ओलं अंग पुसलं की लाकडाच्या वर्षवलयांचे माग मातीत उठतात आणि रेघा उमटतात. प्रत्येक पट्टीच्या रेघांमधलं अंतर वेगळं. त्यामुळे दोन हानिवांवरच्या रेघा तंतोतंत जुळल्या, तर ते एकाच पट्टीने पुसलेले. पट्टी झिजते, पुन्हा तासतात, रेघा बदलतात, मग कुठला आधी केला आणि कुठला नंतर तेही कळतं. अभ्यासकांनी असे माग जुळवत जुळवत एकेका कारागिराचं काम वेगळं काढलं आहे. पट्टा कसा चिकटवला, कडेला बोट कुठून कुठे फिरलं, पट्टी कुठल्या कोनात धरली.

यासाठी मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे: हाताचं वळण. अक्षराला वळण, मुलाला वळण, आणि हाताला वळण, सगळीकडे एकच शब्द. दुसऱ्या फलकाचं नाव तेच. नावं कुणाचीच उरलेली नाहीत, वळणं मात्र उरली आहेत.

५ एप्रिल

सुएकीचा मोठा रांजण आतून बघायला मिळाला. बाहेरून लाटांसारख्या समांतर रेघा, आत एकात एक गोल कमानी, तलावात खडा टाकल्यावर उठतात तशा. मोठी भांडी वळ्यांनी उभारत आणि मग थापटत. आतून कोरीव ठोकळा धरायचा, बाहेरून खाचा पाडलेल्या लाकडी फळीने मारायचं. कमानी त्या ठोकळ्याच्या.

मामांना फोटो पाठवला. लगेच उलट फोन.

"आतनं गोटा, भाईरनं थापटनं. आपलंच की."

"तुमच्या गोट्याला नक्षी नसते ना, मामा?"

"नसती. पर मार बघ की, किती सारखा पडलाय. एकबी जागा मोकळी न्हाई. ह्या मानसानं लै मडकी थापटली असतील."

फोटोत मी कमानी बघत होते, मामा मार बघत होते.

सुएकीच्या लहान वाट्या आणि झाकणं चाकावरची. त्यांच्या बुडाची माती पातळ पातीने खरवडलेली असते, आणि खरवडताना ओढले गेलेले वाळूचे कण चाक कुठल्या दिशेने फिरत होतं ते सांगतात. चाकाची दिशा माणूस निवडत बसत नाही. जिथे शिकला तिथलं चाक जसं फिरायचं तसंच आयुष्यभर फिरवतो. एका भट्टीतल्या भांड्यांत दोन्ही दिशा दिसल्या, तर शिकवणारे दोन असावेत असा अंदाज बांधता येतो. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून सुएकीच्या भट्ट्या प्रांतोप्रांती पसरल्या, आणि या खुणांच्या आधारेच माणसांचा प्रवास शोधता येतो.

१३ एप्रिल

आज कागद. नारा काळातली, म्हणजे आठव्या शतकातली, सरकारी दप्तरं नारातल्या तोदाइजी मंदिराच्या शोसोइन या जुन्या कोठारात टिकून राहिली. त्यांत ७५० सालची मातीच्या भांड्यांच्या कामाची एक नोंद आहे. काम दोघांचं. पुरुषाकडे माती खणणं, वाहणं, कुटणं, सरपण आणणं, पेंढा जमवणं आणि तयार माल राजधानीत पोचवणं. भांडी घडवण्याचं काम एका बाईचं.

पेंढा म्हणजे भाजणी उघड्यावरची, पेंढ्याने झाकून. यायोईपासून चालत आलेली रीत. आणि घडवणारा हात बाईचा. जोमोनची भांडी बायका करत असाव्यात असं अनेक अभ्यासक मानतात, पण ते जगातल्या इतर समाजांवरून केलेलं अनुमान आहे. हा मात्र हिशेबाचा कागद आहे, मजुरी मोजलेला.

तो उतारा मी तीनदा वाचला. आजीने आयुष्यभर माती मळली, थापटली, रंगवली, आणि गावात मडकी आजोबांची म्हणून विकली गेली. ७५० सालच्या त्या कारकुनाने कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहिलं, म्हणून ती बाई आज मला सापडली. हा उतारा फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरात घ्यायचा.

दुसरी नोंद सरपणाची. ८५९ साली कावाची आणि इझुमी या दोन प्रांतांत, भट्ट्यांसाठी लाकूड तोडायच्या डोंगरावरून तंटा झाला आणि तो राजदरबारापर्यंत गेला. इझुमी मुळात कावाचीतूनच वेगळा काढलेला प्रांत, त्यामुळे डोंगर कोणाचा हा प्रश्न येणारच होता. सुएमुराच्या भट्ट्यांतला कोळसा तपासला तर सुरुवातीला रुंद पानांच्या झाडांचा आणि पुढे पुढे लाल पाईनचा जास्त. जंगल तोडलं की त्या जागी आधी पाईन येतो. चारशे वर्षं भट्ट्या जळल्या आणि डोंगर संपत गेले. सरपण बदललं की आग बदलते आणि भट्टी लावणाऱ्याला पुन्हा शिकावं लागतं. बापाने दिलेला अंदाज लेकाला जसाच्या तसा चालला नसणार.

२० एप्रिल

एक फलक रद्द केला. त्यावर मी 'मिते नुसुमु', म्हणजे 'बघून चोरायचं', ही म्हण घातली होती, आणि 'माती मळायला तीन वर्षं, चाकाला दहा' ही दुसरी. जपानमध्ये आजही कारागिरांच्या तोंडी दोन्ही असतात. पण त्या नंतरच्या काळातल्या, उस्ताद आणि शागीर्द असलेल्या जगातल्या. जोमोनच्या खाणीवर गेलेल्या मुलाच्या तोंडी त्या घालणं हा अन्याय होईल. तिथे चोरायचं कशाला? शेजारीच तर बसलेली असत.

त्याऐवजी क्यूशूतल्या ओन्ता गावाची दोन वाक्यं ठेवली. १७०५ साली सुरू झालेलं कुंभारांचं गाव, घरटी एकाच वारसाला धंदा मिळतो, भांड्यांवर कुणी स्वतःचं नाव घालत नाही, ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लाकडी मुसळ दिवसरात्र माती कुटतात. प्राचीन नाही, म्हणून वेगळ्या रंगाच्या चौकटीत.

४ मे

फलक छापून आले. एकूण सात. एका खोक्यात हात लावायच्या वस्तू: पिळाच्या चार दोऱ्या, ठसे उमटवलेल्या पाट्या, लाकडी पट्टी, मार्चमध्ये फुटलेल्या भांड्याचे तुकडे आणि न फुटलेलं एक भांडं. साताऱ्याला चाललेल्या ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर खोकं पाठवलं.

२५ मे

खोकं पोचलं. मामांनी भांडं हातात घेऊन व्हिडिओ कॉल लावला. मामी मागून डोकावत होत्या आणि पिसासारखी नक्षी बघून "किती ग्वाड दिसतंय" म्हणत होत्या. त्या नक्षीवर मी तीन दुपारी घालवल्या होत्या.

मामांनी नक्षीकडे बघितलंच नाही. भांडं उलटं केलं, उजेडाकडे धरलं, बुडावरून अंगठा फिरवला.

"खाली काय घातलं हुतंस?"

"चटई. बांबूची."

"व्हय," म्हणाले, "चटईच हाय," आणि भांडं तसंच उलटं मामींच्या हातात दिलं.